धुऱ्याचा आग्रह

दसऱ्याच्या सकाळी विमलताईंनी चिंतामणीच्या तसबिरीला दुर्वा वाहिल्या, निरांजन ओवाळलं, आणि जिच्या तोंडून कधी कुत्र्यालाही 'हाड' निघालं नाही अशा त्या बाईने देवाकडे मागणं मागितलं, की बाप्पा, आज माझ्या घरात भांडण होऊ दे.

मागून झालं आणि त्यांना स्वतःचीच भीती वाटली. त्यांनी दोन्ही कान धरले आणि देवाला जराशी दुरुस्ती सांगितली. "लय मोठं नको बाप्पा. कोणाचं डोकं फुटू नये. तो ट्रॅक्टर परत जाईन, तेवढंच."

ट्रॅक्टर अंगणाच्या तोंडाशी उभाच होता. कय्युमभाई बाभुळगावहून उजाडताच आले होते. दसरा म्हणून त्यांनी ट्रॅक्टर धुवून काढला होता आणि गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून बोनेटला, रोटावेटरला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. आता त्या माळांवर मधमाश्यांची जत्रा भरली होती, सीटवरसुद्धा दोन-चार जणी बसल्या होत्या आणि कय्युमभाई लांब निंबाखाली रुमाल झटकत उभे होते.

"वैनी, ह्या तुमच्या माशा मले माह्याच गाडीवर बसू देऊन नाई राह्यल्या."

"मंग खाटेवर बसा ना भाऊ," विमलताई हळूच म्हणाल्या. "च्या घ्या. दमानं होऊ द्या."

"भाऊंनं तर सांगतलं, सकाळी सकाळी धुरा मोडाचा."

"जेवण होऊ द्या आधी," विमलताई म्हणाल्या आणि आत गेल्या. खोटं काहीच बोलल्या नव्हत्या.

खोटं त्यांना बोलताच येत नव्हतं. दर चातुर्मासात त्यांचा काहीतरी वसा असे. एका वर्षी मौनाने जेवल्या, एका वर्षी सोमवारी अळणी खाल्लं. यंदा आषाढीला त्यांनी जिभेचा नेम धरला होता. कार्तिकीपर्यंत खोटं बोलायचं नाही आणि कोणाला कडू बोलायचं नाही. घेतला तेव्हा नेम सोपा वाटला होता, कारण मुळात त्या बोलतच कमी. तेव्हा कोणाला ठाऊक होतं, की सुखीआत्या दसऱ्याला नवरा आणि दीर या दोघा भावांचा समेट ठरवील, आणि समेटाची खूण म्हणून मधला धुरा ट्रॅक्टरने मोडून दोघांत वाटला जाईल.

तो धुरा म्हणजे दोन शेतांच्या मधली बैलगाडी वळेल एवढी रुंद पट्टी. सासऱ्यांनी वाटणी केली तेव्हा एक तुकडा विमलताईंच्या नवऱ्याला, विठ्ठलरावांना दिला, एक धाकट्या गुणवंतला, आणि मधला धुरा दाखवून म्हणाले, "हा दोघांचा." दोघांची म्हटलेली चीज घरात टिकत नाही, हे त्यांना कळायला हवं होतं. विमलताईंचा कपिल दहावीला होता त्या वर्षी विठ्ठलरावांनी धुऱ्यावरचं गवत कापलं, गुणवंतने विळा हिसकला, विठ्ठलरावांनी विळ्याची मूठ सोडली नाही, आणि त्या दिवसापासून दोघं भाऊ एकमेकांच्या दाराशी गेले नाहीत.

धुऱ्यावरही कोणी गेलं नाही. एकाने पाय ठेवला की दुसरा मोबाइल काढून फोटो घ्यायचा. नांगर लागला नाही, वखर लागला नाही. कपाशीवर फवारणी असली की फवारणारे दोन्हीकडून कडेची तासं, म्हणजे पिकाच्या शेवटच्या ओळी, सोडून मागे फिरत, कारण औषधाचा एक थेंब पलीकडे उडाला तर दुसऱ्या दिवशी ठाण्यात जावं लागे. मग धुऱ्याने आपलं आपण पाहिलं. तरोटा आला, रानतुळस आली, रुई आली, आघाडा, बोरी, बाभळी आल्या. पावसाळा संपता संपता ती पट्टी अशी फुलायची, की रस्त्याने जाणारी माणसं विचारायची, हे कोणाचं देवस्थान आहे का.

सुरभी सून होऊन आली तेव्हा तिने पहिल्याच आठवड्यात डोळे विस्फारले. यवतमाळला प्राणिशास्त्र शिकलेली मुलगी, माश्या-फुलपाखरं वाचवणाऱ्या एका संस्थेत काम करणारी. गावोगाव फिरून ती शेतकऱ्यांना सांगायची, कडेला थोडं रान राहू द्या, फुलं असताना सकाळी फवारू नका, तुरीला शेंग धरते ती ह्यांच्याच पायांनी. कोणी ऐकत नसे. आणि इथे तिच्या सासरी, आयतीच, कोणी न शिकवता, जिल्ह्यातली सगळ्यात चांगली जागा! संस्थेचे लोक पाहायला आले. त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं ही जागा तुम्ही राखली कशी?" सुरभीने कपिलकडे पाहिलं. कपिल म्हणाला, "कुटुंबानं मेहनत घेतली." पुढे संस्थेच्या पुस्तिकेत छापून आलं, की दोन्ही शेतकरी बंधूंच्या सातत्यपूर्ण सहकार्यामुळे हे शक्य झाले. ती पुस्तिका विठ्ठलरावांनी गुणवंतच्या विरोधात पुरावा म्हणून जपून ठेवली.

एका संध्याकाळी सुरभीने सासूला धुऱ्यापाशी नेलं होतं. दिवस बुडायला आला होता. वाळल्या काडीवर निळ्या पट्ट्यांच्या माश्या एकीखाली एक, तोंडाने काडी घट्ट धरून, पाय सोडून झोपल्या होत्या. "ह्यांना पोळं नसतं, आई. माद्या इथंच मातीत बिळं करतात. हे नर. रात्री असे झोपतात." विमलताई कितीतरी वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी पदर डोक्यावर घेऊन नमस्कार केला. जपाची माळ धरून डुलकी लागते तसंच हे दिसत होतं. ज्या मातीत ह्यांची घरं आहेत ती माती आज रोटावेटरखाली जायची होती.

"बाबांना मी हात जोडून सांगितलं," पोळ्या भाजता भाजता सुरभी म्हणाली. "समेट करा, पण पट्टी राहू द्या. म्हणाले, 'बेटा, भांडणासाठी जमीन पडीक ठेवली तर तिच्यात इज्जत हाय. माशांसाठी ठेवली म्हटलं तर गाव हासन.'"

"त्याइचंबी बरोबर हाय," विमलताई म्हणाल्या. नेमामुळे त्यांना हल्ली सगळ्यांचंच बरोबर दिसे.

"आई, तुम्ही काहीतरी बोला ना. एक शब्द बोललात तरी काका पेटतात."

"कडू बोलता येत नाई मले. चातुर्मास हाय."

"मग खरं बोला. खरं कडूच असतं."

विमलताईंचा लाटणं धरलेला हात थांबला. ही वाट नेमात बसत होती.

दुपार व्हायच्या आत गुणवंत आला. नवा पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, मागे त्याची बायको विजयमाला आणि त्यांच्या मागे, दोघांना दारातून निसटू द्यायचं नाही अशा बेताने, सुखीआत्या. आत्या कळंबची. दोघं भाचे एका पंगतीत जेवत नाहीत तोवर चहात साखर घालणार नाही अशी तिची शपथ होती. मुळात तिखट बाई, त्यात इतक्या वर्षांचा बिनसाखरेचा चहा.

"चला, गळ्यात पडा," आत्या म्हणाली. "माहा च्या थंडा होऊन राह्यला."

विठ्ठलराव ओट्यावरून उतरले. गुणवंत वाकला. आपट्याची पानं दिली-घेतली, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" झालं, आणि दोघं भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून असे रडले, की निंबाखाली कय्युमभाईंनीही रुमाल डोळ्यांना लावला. विमलताईंनाही रडू आलं, ते खरं होतं. पण डोळे पुसता पुसता त्यांनी सुरुवात केली.

"भाऊजी," त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "त्या पोळ्याले आमच्या बैलाचा कासरा तुमीच कापला होता ना?"

सुरभी हातातलं ताट खाली ठेवून पाहू लागली.

"हो वैनी!" गुणवंत हसत सुटला. "मीच कापलता! दादा, तुमचा बैल थेट पाटलाच्या घरात घुसलता!"

"पाटलीणबाईच्या देवघरात!" विठ्ठलराव मांडीवर थाप मारून म्हणाले. दोघं हसून हसून लोळायचे बाकी राहिले.

विमलताईंनी पुन्हा धीर केला. "अन् ह्याइनं तुमच्या मोटारीचा फ्यूज काढून विहिरीत टाकला होता."

"मले तवाच समजलं होतं!" गुणवंत म्हणाला. "म्या मंग तुमच्याच मोटारीचा फ्यूज काढून माह्या मोटारीले लावला, दादा!"

"अरे वा!" विठ्ठलराव म्हणाले. भावाच्या हुशारीचं त्यांना खरंच कौतुक वाटलं.

समेट झालेल्या माणसांना काय बोलून दुखवावं? विमलताईंना काही सुचेना. सुरभी पुढे झाली. "काका, मोजणीवाल्यांनी तर म्हटलं होतं ना, की धुरा आमच्या गटात जास्त येतो?"

"तुमचाच तर हाय बेटा," गुणवंत हात हलवून म्हणाला. "सगळंच तुमचं हाय."

विठ्ठलराव हसतच होते. पण हसता हसता त्यांच्या भुवया जरा जवळ आल्या. विमलताईंनी ते पाहिलं. अर्थ तेव्हा लागला नाही.

पंगत मांडली. विमलताई तुपाची वाटी घ्यायला आत आल्या तर मागोमाग विजयमाला आली आणि तिने दार लोटलं. ही जाऊ त्यांच्यापेक्षा लहान. लग्न होऊन आली तेव्हा विमलताईंनीच तिला चूल दाखवली होती. भांडणानंतर दोघी संकष्टीला कळंबच्या देवळात भेटायच्या. योगायोगाने. इतक्या वर्षांत एकही योगायोग चुकला नव्हता.

"जाऊबाई," विजयमाला दबक्या आवाजात म्हणाली, "तुमी हे काय करून राह्यल्या?"

विमलताईंनी तुपाची वाटी उचलली. नेम आठवला. "भांडण लावून राह्यली," त्या म्हणाल्या.

विजयमालाला वाटलं होतं, ह्या काहीतरी सारवासारव करतील. इतकं सरळ उत्तर ऐकून ती चुलीपाशी बसलीच. "काहून पण? मी काय वाईट केलं तुमचं?"

"तू काहीच नाई केलं माय."

"किती वर्षं मी देवळाच्या ओट्यावर बसून तुमची वाट पाह्यली. तुमच्या कपिलच्या लग्नात मले मांडवाच्या बाहेरून पाहा लागलं. आज मी साडी नेसताना आरशात हासली, म्हटलं, आजपासून जाऊबाईच्या घरी सरळ दारानं जाईन. अन् तुमाले भांडण पाह्यजे? कायच्यासाठी? त्या माशांसाठी?"

विमलताईंनी वाटी खाली ठेवली. "हो. माशांसाठी. अन् तुह्यासाठी बी. मले दोन्ही पाह्यजे, विजू. ट्रॅक्टर फिरला तर ते जीव जातात. भांडण झालं तर तू जाते. मी सकाळपासून पुरण वाटून राह्यली अन् हेच वाटून राह्यली मनात."

विजयमाला ताटातल्या पोळ्या नीट रचू लागली. मग नाक पुसून म्हणाली, "माशा काय मले माहीत नाईत? माह्या वाडीतल्या कोहळ्यावर त्याच येतात. ज्या साली लय फवारा झाला त्या साली सगळ्या गावात कोहळं धरलं नाई, माह्याच वेलाले धरलं. पण असं कोणतं भांडण असते जाऊबाई, की धुरा वाचन अन् माणसं बी सुटणार नाईत?"

"तेच तर समजून नाई राह्यलं."

तेवढ्यात बाहेर पंगतीतून आवाज चढला.

"घे रे गुणवंता, एक घे!"

"दादा, पोट फुटन माहं!"

"माही शपथ हाय तुले!"

"मंग तुमाले माही शपथ, आधी तुमी घ्या!"

"मी मोठा हाओ. घे म्हणतो ना!"

"नाई घेत!"

"कसा नाई घेत? पाहतोच!"

पुरणपोळीचा आग्रह चालला होता. वऱ्हाडातला आग्रह. पाहुण्याच्या पानावर आडवा हात आला की त्या हातावरच पोळी ठेवायची, हात काढला की तूप सोडायचं, उठू लागला की खांदे दाबायचे. ह्याच आग्रहात गावात दोन सोयरिकी मोडल्या होत्या.

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. विमलताईंना विठ्ठलरावांच्या मघाच्या भुवया आठवल्या. 'तुमचाच तर हाय' म्हटल्यावर जवळ आलेल्या; भावाचं देणं त्यांना झोंबलं होतं.

"विजू," त्या हळूच म्हणाल्या, "घरी भाऊजी ह्याइच्याबद्दल काही चांगलं बोलतात?"

"लय बोलतात. रोज रडतात."

"ते सांगजो. फक्त चांगलं. अन् फक्त खरं."

विजयमालाच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. तिने पोळ्यांचं ताट उचललं.

विमलताई पंगतीत आल्या, गुणवंतच्या पोळीवर तूप सोडलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, परवा हे म्हणत होते, आता वाटून बी कायले घ्याचा धुरा? आख्खा गुणवंताले देऊन टाकतो. लहान हाय तो."

गुणवंतचा घास हातात राहिला. डोळे भरले. "दादा, असं म्हटलं तुमी?"

"म्हटलं," विठ्ठलराव जरा लाजून म्हणाले. "लहान हायस तू. घे."

"नाई दादा. तुमी मोठे. तुमी घ्या."

"अरे घे."

"माह्यानं ते होणार नाई. तुमीच घ्या."

आत्याने मान डोलावली. "राम-भरत हाय माह्या भावाचे पोरं. आणा व माहा च्या. साखर घाला."

सुरभीने साखर घातली. आत्याची शपथ फिटली होती. एका पंगतीत जेवायचं म्हटलं होतं, उठायचं नव्हे.

"अन् हे घरी म्हणतात ना भासरे," विजयमाला पदर सावरून, थोरल्या दिराचा मान राखत खाली पाहत म्हणाली, "की दादाचं वय झालं. हात चालत नाईत पहिल्यासारखे. थोडी जमीन वाढली तर दादाले आधार होईन."

विठ्ठलरावांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "कोनाले आधार?"

"तुमाले, दादा," गुणवंत प्रेमाने म्हणाला. "यंदा तुमचं सोयाबीन बी जरा…"

"काय जरा?"

"म्हंजे, पिवळं पडलं ना. मी रस्त्यानं जाताना रोज पाहतो अन् मले वाईट वाटते."

"तुले वाईट वाटते? माह्या सोयाबीनचं?"

"वाटन ना दादा. भाऊ हाओ मी."

"मले दया दाखवून राह्यला का तू, गुणवंता?"

"दया तुमी दाखवून राह्यले, दादा! लहान लहान म्हणता! पन्नाशी उलटली माही, जावई हाय मले! अन् तुमी मले धुरा देता, खाऊ दिल्यासारखा?"

"देणारच! बापाच्या जागी हाओ मी!"

"द्याच मंग! देऊनच दाखवा! पाहतो कसे देता!"

"घ्यावंच लागन तुले!"

"माह्या बापाची जमीन माह्यावर कोनी जबरदस्ती थोपू शकत नाई!"

दोघं उभे राहिले. गुणवंतच्या हातात अर्धी पुरणपोळी होती आणि ती हलवत तो बोलत होता, त्यामुळे पुरण विठ्ठलरावांच्या सदऱ्यावर उडत होतं. कपिलने मध्ये पडून पाहिलं. त्याला मनातून समेट हवाच होता, कारण धुरा मोडला की त्याच्या गाडीला शेतात सरळ रस्ता मिळणार होता. "बाबा, काका, अर्धा अर्धा करा ना, ठरल्यासारखा!"

"अर्धा?" विठ्ठलराव गरजले. "मी काय भिकारी हाओ, अर्धा ठेवाले?"

"अर्धा घेऊन मी त्याइच्या उपकारात राहू?" गुणवंत गरजला.

कपिल बसला.

"अरे, भिकाऱ्यासारखे भांडता का रे?" आत्या गोड चहाचा घोट घेऊन म्हणाली.

"भिकारी घ्यासाठी भांडते आत्या," गुणवंत म्हणाला, "आमी द्यासाठी भांडून राह्यलो!"

एवढ्यात दारात कय्युमभाई आले. "भाऊ, माळा काढून टाकल्या. माशा गेल्या. चालू करू का?"

"खबरदार!" दोघं भाऊ एकदमच ओरडले.

कय्युमभाई दोन पावलं मागे सरले. विठ्ठलराव देवघराच्या उंबऱ्याशी गेले, तसबिरीपुढचा आपटा उचलला आणि हात वर केला. "चिंतामणीची आण हाय मले! मी जितो तवर त्या धुऱ्याले माहा नांगर लागणार नाई! आता तो तुहाच. घे!"

गुणवंतही उंबऱ्याशी आला. त्याने विठ्ठलरावांच्या हातातून अर्धा आपटा ओढून घेतला. "मंग माही बी आण! माहा बी नांगर लागणार नाई! आता द्या! कोनाले देता ते द्या!"

विमलताईंनी हात जोडले. डोळे मिटून त्यांनी मनातल्या मनात देवाला म्हटलं, बाप्पा, एवढं मी मागितलं नव्हतं. 

दाराआडून सुरभीचा बारीक आवाज आला. "अन् फवारणी?"

"फवारा बी नाई!" विठ्ठलराव तिच्याकडे न पाहता, भावाच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाले.

"माहा तर कडेच्या तासाले बी नाई!" गुणवंत म्हणाला.

"तणनाशक?" सुरभी म्हणाली.

"तणनाशक बी नाई!" दोघं म्हणाले.

"उन्हाळ्यात धुरा पेटवणं?"

"पेटवन त्याचा हात जळो!"

"सुरभी," कपिल कपाळाला हात लावून म्हणाला, "आता पुरे."

गुणवंतने चप्पल घातली. उलटी घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. "तुमच्या घरचं पाणी आजपासून…" तो म्हणू लागला, पण उचकी लागली आणि वाक्य पुरं झालं नाही. विमलताईंनी तांब्या पुढे केला. तो प्यायला. मग पुढे काय म्हणायचं ते त्याला आठवेना. "येतो वैनी," तो म्हणाला आणि तरातरा निघून गेला.

विजयमाला मागे राहिली. पोळ्या फडक्यात बांधताना तिचे खांदे हलत होते. विमलताईंना वाटलं रडते आहे. जवळ जाऊन पाहिलं तर हसण्याने तिचं कुंकू पसरलं होतं.

"जाऊबाई, भाऊभाऊ पुन्हा बोलतील का हो?"

"माहीत नाई," विमलताई म्हणाल्या. खरंच माहीत नव्हतं. ट्रॅक्टर परत जाताना दिसला तेव्हा त्यांना आनंद झाला, आणि त्याच वेळी त्यांची नजर गुणवंतच्या रिकाम्या पाटाकडे गेली. धुरा वाचला होता. बाकीचं त्या हरल्या होत्या की काय, हे त्यांना सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोथी वाचून झाली आणि त्या शेतात गेल्या, तर विठ्ठलराव धुऱ्याच्या अलीकडे खाट टाकून बसलेले. धुऱ्याच्या पलीकडे, तरोट्याच्या पिवळ्या फुलांमागे, दुसरी खाट. तिच्यावर गुणवंत.

"काय करून राह्यले तुमी?" विमलताईंनी विचारलं.

"पहारा," विठ्ठलराव म्हणाले. "तो शपथ मोडन अन् धुरा नांगरून माह्यासाठी पेरून देईन, उपकार फेडाले. ओळखतो मी त्याले."

"दादा!" पलीकडून हाक आली. "आज तुमचं पाठीचं दुखणं कसं हाय? सांगून ठेवतो, मले काहीच वाईट वाटून नाई राह्यलं!"

"तुह्या जावयाचं काम झालं का रे यवतमाळचं?" विठ्ठलराव ओरडले. "मी इचारून नाई राह्यलो! मले कायले इचारायचं!"

"झालं! तुमाले सांगणार नाई, पण पर्मनंट झालं!"

"नको सांगू!"

असं सकाळपासून चाललं होतं. मधल्या इतक्या वर्षांचं सगळं, कोण मेलं, कोणाला नातू झाला, कोणाची विहीर आटली, दोघं एकमेकांना न सांगता ओरडून सांगत होते. आवाज धुऱ्यावरून जात होता आणि माश्या खाली आपलं काम करत होत्या. पलीकडे विजयमाला डोक्यावर टोपली घेऊन उभी होती. तिने हात हलवला आणि धुऱ्याच्या टोकाला वळसा घालून सरळ इकडे चालत आली. तिला कोणी अडवलं नाही.

विठ्ठलरावांनी बायकोकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "विमल, एक सांग. काल तू ते मुद्दाम बोलली का? लहान हाय, देऊन टाकतो, ते?"

कार्तिकी अजून लांब होती. "हो," त्या म्हणाल्या. "मुद्दाम बोलली. धुरा मोडू नये म्हणून."

विठ्ठलराव खाटेच्या दोरीशी बोटाने चाळा करत राहिले. विमलताई मान खाली घालून उभ्या होत्या.

"गुणवंताले सांगू नको," शेवटी ते म्हणाले. "तो येणं बंद करन."

"दादा!" पलीकडून गुणवंत खाटेवर उभा राहून ओरडला. "वैनीच्या कानात काय सांगून राह्यले? धुऱ्याबद्दल असन तर मोठ्यानं बोला!"

"बोलतो!" विठ्ठलराव म्हणाले, दुपट्टा खांद्यावर नीट टाकला आणि नव्या नवरदेवासारखे उठून धुऱ्याच्या कडेपर्यंत गेले.